रोजची हजाराची गोळी आणि सासूबाईंच्या पायावरचे डाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. कोविडच्या काळात पाण्यात फसफसणारी १००० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी सुरू केली, ती आजही चालू आहे. नऊ वर्षांच्या मुलाला सारखी सर्दी होते म्हणून त्यालाही चघळायची ५०० ची गोळी देतात. त्या विचारतात: ही गोळी कायम घेतली तर चालेल का, की लिंबू-आवळा पुरे? गरम पाण्यात लिंबू पिळलं की सी मरतं, हे खरं का? आणि मग जाता जाता एक ओळ: ‘सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, शुगर आहे, हिरड्यांतून रक्त येतं आणि पायांवर निळसर डाग दिसतात, त्यांनाही हीच गोळी सुरू करू का?’

ताई, तुमच्या पत्रात तीन माणसं आहेत आणि ज्या दोघांची तुम्हाला काळजी आहे त्यांची मला नाही. मला काळजी आहे ती त्या शेवटच्या ओळीतल्या बाईंची. त्यांच्याकडे मी शेवटी येते, कारण मधलं समजल्याशिवाय ते नीट कळणार नाही. तोवर एक करा. काल दिवसभरात सासूबाईंच्या पोटात काय काय गेलं ते एका कागदावर लिहा. ‘आम्ही सगळे जेवतो तेच’ असं लिहू नका. त्यांच्या ताटात काय पडलं आणि ताटातून तोंडात काय गेलं, ते लिहा.

आता मूळ गोष्ट. दारात बांधलेली शेळी कधी लिंबू खात नाही, पण तिला सीची कमतरता होत नाही. ती आपल्या यकृतात साखरेपासून सी बनवते. गाय, कुत्रा, उंदीर, सगळे बनवतात. माणूस, माकडं, गिनिपिग आणि बरीचशी वटवाघळं मात्र बनवत नाहीत. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर जे एन्झाइम लागतं, त्याचा जीन आपल्यात आहे, पण फार जुन्या काळी मोडला तो मोडलाच. झाडावरची फळं-पाला खाणाऱ्या पूर्वजांचं त्यावाचून काही अडलं नसावं. गिनिपिगचा असाच मोडलेला जीन शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडला. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश हे बेरीबेरीचा, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ च्या कमतरतेने होणाऱ्या रोगाचा, अभ्यास करत होते. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगना बेरीबेरी न होता स्कर्व्ही, म्हणजे सीच्या कमतरतेचा रोग, झाली. त्यांच्या पिंजऱ्यात उंदीर असते तर हे कधीच दिसलं नसतं.

स्कर्व्ही म्हणजे काय होतं ते दोरीच्या उदाहरणाने सांगते. आपली कातडी, हिरड्या, हाडांचा सांगाडा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जखमेचा वण, या सगळ्यांना धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते तीन पदरांचं, दोरीसारखं पीळ दिलेलं असतं. पदर एकमेकांना घट्ट धरून राहावेत म्हणून त्यांच्यावर ठरावीक ठिकाणी एक रासायनिक बदल करावा लागतो. तो बदल करणाऱ्या एन्झाइममध्ये लोहाचा अणू असतो आणि त्या लोहाला कामाच्या स्थितीत ठेवायचं काम सीचं. सी संपलं की शरीर पदर बनवत राहतं, पण ते सैल राहतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे उलटं: सुंभ शाबूत, पीळच बसत नाही.

मग जिथे कोलॅजनची सतत डागडुजी चालते तिथे आधी उसवतं. हिरड्या सुजून जांभळ्या होतात, केसांच्या मुळाशी लाल ठिपके उठतात, पोटऱ्यांत रक्त साकळतं. बरे झालेले जुने घावसुद्धा उघडतात, कारण वण ही एकदाच शिवून टाकलेली गोष्ट नाही. शरीर तो आयुष्यभर शिवत असतं. १७४० च्या दशकात इंग्रजांचा अॅन्सन नावाचा आरमारी अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या जहाजावर एका म्हाताऱ्या खलाशाच्या अंगावर १६९० च्या बॉइनच्या लढाईतली जखम होती, ५० वर्षांपूर्वी भरलेली. स्कर्व्हीत ती पुन्हा उघडली. माझ्या विद्यार्थ्यांना कोलॅजन समजत नसेल तर मी हीच गोष्ट सांगते.

सीची बाकीची कामंही आहेत. स्नायूंना चरबी जाळण्यासाठी कार्निटिन लागतं, ते बनवायला सी लागतं. म्हणून पहिलं लक्षण रक्त येणं हे नसतंच, ते असतं गळून जाणं आणि चिडचिड. नॉरअॅड्रिनलिन, म्हणजे मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं एक रसायन, बनवायला सी लागतं. पांढऱ्या पेशी रक्तातलं सी खेचून आपल्यात कितीतरी पट साठवतात. आणि वनस्पतीतलं लोह आतड्यात शोषलं जावं म्हणून ते मदत करतं. हे शेवटचं आपल्या शाकाहारी घरांसाठी महत्त्वाचं. पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत ज्या कुणी पाडली तिला माझा नमस्कार. पण त्याच पोह्यांबरोबर आपण कपभर कडक चहा घेतो. लिंबाने केलेलं काम चहातली टॅनिन्स बरंचसं पुसून टाकतात. चहा तासभर पुढे ढकला. मात्र लोहाची औषधी गोळी घेणाऱ्यांनी तिला सीची वेगळी गोळी जोडायची गरज नाही. चीनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात नुसतं लोह आणि लोह अधिक सी यांत हिमोग्लोबिन वाढण्यात फरक पडला नाही. ताटातलं लोह आणि गोळीतलं लोह यांचा हिशेब वेगळा आहे.

किती लागतं? भारतीयांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५, गरोदर बाईला ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ अशी आहे. तुमच्या मुलाला ४५ च्या आसपास. ही शिफारस आरामशीर आहे. नुसती स्कर्व्ही टाळायला रोज १० मिलिग्रॅमही पुरतात. भरलेल्या शरीरात साधारण दीड ग्रॅम सी असतं. आहारातून पूर्ण बंद झालं की ते हळूहळू ओसरतं आणि साठा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आला की लक्षणं दिसू लागतात. याला एक ते तीन महिने लागतात. म्हणजे उपासाच्या चार दिवसांनी काही होत नाही आणि तीन महिन्यांच्या हेळसांडीने सगळं होतं.

तुमच्या गोळीचं काय होतं ते आता बघा. ताटातून शंभरेक मिलिग्रॅम गेलं तर त्यातलं ७० ते ९० टक्के शोषलं जातं. एकदम १००० टाकलं तर निम्म्याहूनही कमी. आतड्यातली ने-आण करणारी दारं मर्यादित आहेत. जे आत शिरतं तेही टिकत नाही. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम पोचलं की रक्तातली पातळी जवळजवळ कमाल होते, त्यापुढचं मूत्रपिंड सरळ बाहेर टाकतं. भरल्या घागरीवर नळ सोडून ठेवावा तसं. तुम्ही वरण-भात, भाजी, कोशिंबीर, एखादं फळ खाणाऱ्या बाई आहात, तुमची घागर भरलेली आहे.

‘पण मला तेव्हापासून सर्दीच झाली नाही,’ हे मला रोज कुणीतरी सांगतं. ही समजूत मोठ्या माणसाने रुजवली. लायनस पॉलिंग, दोन नोबेलांचा मानकरी. त्याने १९७० मध्ये भरपूर सी घ्या, सर्दी पळेल असं पुस्तकच लिहिलं. रसायनशास्त्रात तो आभाळाएवढा होता, पण सर्दीत चुकला. काही अंशी चुकला, असं म्हणते, कारण उत्तर अगदी शून्य नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेचा २०१३ चा आढावा आहे, अकरा हजारांवर माणसांचा. रोज गोळी घेऊन सर्दी होण्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांत कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत ८ टक्क्यांनी आणि मुलांत १४ टक्क्यांनी लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांना हा अर्धा दिवस. त्यासाठी वर्षभर गोळी घ्यावी लागते, शिंक आल्यावर सुरू करून हा फायदा सातत्याने दिसलेला नाही. अपवाद एकच: मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक. अशा लोकांत सर्दी निम्म्यावर आली. तुमचा मुलगा सिन्नर घाटातून धावत शाळेत जात नसेल तर हा अपवाद त्याला लागू नाही. नऊ वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षातून पाच-सहा सर्द्या होणं हे मुलाचं लक्षण आहे, आजाराचं नाही.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनीच या गोळ्या लिहून दिल्या. मीही दिल्या. तेव्हा हातात काहीच नव्हतं आणि गोळी निरुपद्रवी वाटत होती. नंतर घरी असलेल्या रुग्णांवर रोज ८ ग्रॅम सी देऊन चाचणी झाली. काहीच फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून आयसीयूत असलेल्यांना शिरेतून मोठे डोस देण्याची तर मोठी लाट आली होती. २०२२ मध्ये लोव्हिट चाचणीने दाखवलं की सी मिळालेल्या गटाची स्थिती उलट वाईट होती: मृत्यू किंवा दीर्घकाळ अवयव बंद पडणं त्यांच्यात जास्त. ‘पाण्यात विरघळणारं आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल’ हे वाक्य मी त्या दिवसापासून सोडलं.

कारण लघवीवाटे जाताना ते काही उद्योग करून जातं. सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि ऑक्झलेट म्हणजे मुतखड्याचा कच्चा माल. स्वीडनमध्ये पुरुषांच्या मोठ्या पाहणीत सीच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. ज्यांना आधी खडा होऊन गेला आहे, ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, त्यांनी हजाराच्या गोळीकडे बघूही नये. थॅलेसेमियासारख्या आजारात वारंवार रक्त चढतं, अंगात लोह साठलेलं असतं, तिथे सी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणं धोक्याचं. जी सिक्स पी डी एन्झाइमची कमतरता असलेल्यांना शिरेतून मोठा डोस दिला तर तांबड्या पेशी फुटतात. गोरं होण्याच्या सलाइनमध्ये सी सर्रास घातलं जातं आणि तिथे कुणी हे विचारत नाही. बाकी जुलाब, पोटात मुरडा, हे किरकोळ. मुलाच्या चघळायच्या गोळीबद्दल मात्र दाताचे डॉक्टर मला सारखे बजावतात: आम्ल दातांना चिकटून राहतं आणि इनॅमल झिजतं. प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. ती जुलाबांवरून ठरवलेली आहे. त्याखाली सगळं अमृत, असा तिचा अर्थ नाही.

आता लिंबू-आवळा. आपल्याकडे एक घट्ट समजूत आहे की आंबट म्हणजे सी. ही चूक आपली एकट्याची नाही, तिच्यापायी हजारो खलाशी मेले. १७४७ च्या मे महिन्यात ‘सॉल्सबरी’ जहाजावर जेम्स लिंडने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. सफरचंदाची आंबवलेली दारू, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. यादी बघा, निम्मी आंबट आहे. त्या काळचा समज होता की आम्लाने हा रोग बरा होतो. फळवाले दोघे आठवड्यात उठून कामाला लागले, गंधकाम्लवाले होते तिथेच राहिले. आंबटपणाचा संबंध नाही, हे तिथेच सिद्ध झालं होतं. पण लिंडलाही ते नीट उमगलं नाही. रस टिकावा म्हणून तो आटवून काकवीसारखा घट्ट करण्याची त्याने शिफारस केली आणि त्या आटवण्यातच बहुतेक सी गेलं. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना सुरू केला तो १७९५ मध्ये. पुढे एकोणिसाव्या शतकात पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजची हिरवी लिंबं घेतली गेली, ती अधिक आंबट म्हणून बरी वाटली. त्यांत सी कितीतरी कमी होतं. १८७५ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत रस पिऊनही माणसं स्कर्व्हीने पडली आणि डॉक्टर लोक लिंबावरच शंका घ्यायला लागले.

आपल्या स्वयंपाकघरात हेच लावून बघा. चिंच आंबट ढोण, सी नगण्य. दही-ताक, तेच. आणि ज्यांना आंबट चवच नाही त्या ढोबळी मिरचीत, फ्लॉवर-कोबीत, शेवग्याच्या पाल्यात भरपूर. पेरूत १०० ग्रॅमला साधारण २०० मिलिग्रॅम. संत्र्यात ४०-५०. आणि लिंबू? आपलं कागदी लिंबू पिळलं की दोन-तीन चमचे रस निघतो, त्यात जेमतेम ६ ते १० मिलिग्रॅम. सगळा मान लिंबाला मिळतो, पण काम बाजारातला दहा-वीस रुपयांचा पेरू करतो. आवळ्याचा आकडा सांगताना जरा जपून: जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ६०० आहे, २०१७ च्या नव्या भारतीय तक्त्यांत अडीचशेच्या आसपास. अडीचशे धरलं तरी मध्यम आवळ्यात एका माणसाची दिवसाची गरज भागते. १९४० च्या आसपास हिसारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली तेव्हा सुकवलेला आवळा देऊनच लोक बरे केले होते.

गरम पाण्याचं म्हणाल तर सी उष्णतेने, हवेने आणि पाण्यात उतरून जातं, हे खरं. पण पिण्याइतपत कोमट पाण्यात पिळून लगेच प्यायलात तर फार काही मरत नाही. तुमच्या पेल्यात मुळात आठच मिलिग्रॅम आहेत, त्यांतलं एक गेलं काय अन् दोन गेले काय. खरा नाश दुसरीकडे होतो. भाजी चिरून मग धुणं, शिजवून पाणी ओतून टाकणं, रंग हिरवा राहावा म्हणून चिमूटभर सोडा घालणं, सकाळी केलेली भाजी रात्रीपर्यंत तीनदा गरम करणं. आणि कल्हई गेलेलं तांब्या-पितळेचं भांडं: तांबं सीचा नाश झपाट्याने करतं. तांब्याच्या तांब्यात रात्रभर लिंबूपाणी ठेवण्याचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरून जा. मोरावळ्यात थोडं टिकतं, साखर मात्र पूर्ण टिकते.

आणि मोडाची मटकी. कोरड्या कडधान्यात सी जवळजवळ नसतं. भिजवून मोड काढले की ते नव्याने तयार होतं, कोंब स्वतःसाठी बनवतो. फार नाही, पण जिथे दुसरं काही नाही तिथे जीव वाचवण्याइतकं. याला एक आपला, दुःखाचा संदर्भ आहे. पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. ती फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजं अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी बराच काळ घोड्याचं मांस नाकारलं. ताज्या मांसात थोडं सी असतं, त्या थोड्यावर गोरे सैनिक स्कर्व्हीतून बऱ्यापैकी वाचले. हिंदी शिपाई शेकड्यांनी आजारी पडले. उलट गोऱ्यांना पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी झाली आणि कोंड्यासकट आटा खाणाऱ्या आपल्या लोकांना ती झाली नाही. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, दोन ताटं आणि दोन रोग. त्याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी मोड आलेली कडधान्यं स्कर्व्ही रोखतात हे गिनिपिगवर दाखवलं. उसळीला मोड काढणं ज्यांच्या घरोघरी चालतं त्यांची पोरं वेढ्यात स्कर्व्हीने पडली, हे मला राहून राहून टोचतं.

स्कर्व्ही जहाजांबरोबर संपली असं आम्ही डॉक्टरही धरून चालतो. मीही धरलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ आले, बायको वारलेली, एकटे. पाय दुखतात, पोटरीवर मोठा काळानिळा डाग, पायांवर लाल ठिपके. मला वाटलं रक्तवाहिन्यांचा दाह. महागड्या तपासण्या केल्या, स्टेरॉइड सुरू करायच्या बेतात होते. माझ्या दवाखान्यातल्या नर्सबाई त्यांचं ब्लडप्रेशर घेताना सहज म्हणाल्या, ‘काका, जेवण कोण करतं आता?’ काका म्हणाले, ‘कोण कशाला? चहा आणि खारी सकाळी, रात्री मुगाची खिचडी.’ पाच महिने हेच. मी भिंग घेऊन पाय पुन्हा बघितले. ठिपके प्रत्येक केसाच्या मुळाशी होते आणि केस वेटोळे झालेले. पुस्तकात छापलेलं चित्र समोर होतं आणि मी त्यावरून दोनदा नजर फिरवली होती. सी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना हुशारी वाटली, दोन आठवड्यांत डाग फिकटले. तेव्हापासून मी म्हाताऱ्या माणसाला ‘काय होतंय’ याच्या आधी ‘काय खाता’ विचारते.

लहान मुलांत हे दिसतं ते ‘दुधावरच आहे अजून’ अशा मुलांत. आईच्या दुधात सी पुरेसं असतं. गाई-म्हशीच्या उकळलेल्या दुधात जवळजवळ नसतं. दोन वर्षांचं मूल दूध-बिस्किटांवर, किंवा स्वमग्न मूल पांढरा भात आणि वेफर्सवर. मग एक दिवस ते पाय टेकवेनासं होतं, उचललं की किंचाळतं. घरच्यांना वाटतं पडलं असेल, डॉक्टरांना वाटतं सांध्याचा आजार किंवा रक्ताचा कॅन्सर. गुडघ्याचा एक्स-रे आणि आहाराचे पाच प्रश्न यांत निदान होतं. रोज १०० ते ३०० मिलिग्रॅमवर मूल आठवड्या-दोन आठवड्यांत पाय टेकवतं. गोळीची खरी जागा ही.

आणि आता सासूबाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्याकडच्या साठीपुढच्या माणसांचं रक्त तपासलं होतं. उत्तर भारतात ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांत सीची कमतरता निघाली. तंबाखू आणि चुलीचा धूर यांच्याशी तिचा संबंध दिसला. म्हणजे ज्या वयाला गोळी कुणी विचारत नाही त्याच वयात घागर रिकामी आहे. तुम्ही लिहिलेला कागद समोर घ्या. माझा अंदाज सांगते, चुकला तर आनंदच. शुगर म्हणून फळ बंद. आंबट खाल्लं की सांधे धरतात म्हणून लिंबू-आवळा बंद. दात गेले, कवळी बोचते म्हणून कोशिंबीर आणि मोडाची उसळ बंद. उरलं काय? पेज, दुधात कुस्करलेली पोळी, चहा-बिस्किट, पातळ वरण. प्रत्येक बंदी कुणीतरी प्रेमानेच घातलेली असते.

तरीही हिरड्यांतून रक्त म्हणजे सीची कमतरता, असं घरी बसून ठरवू नका. बहुतेक वेळा कारण दातांवरचं कीटण असतं, आणि मधुमेहात ते जोरात असतं. पूर्ण दात गेलेल्या जागी स्कर्व्हीतही हिरड्या सहसा सुजत नाहीत, म्हणजे उरलेले दात कुठे आहेत तेही बघायला हवं. त्या मिश्री लावतात का, विचारा. लाजून नाही म्हणतील, डबी कुठे असते ते तुम्हाला माहीत असेलच. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बघा. अशा गोळीवर नुसत्या धक्क्याने डाग उमटतात. हातांवर, कोपराच्या खाली पसरट जांभळे डाग असतील तर ते बहुधा वयाने पातळ झालेल्या कातडीचे. पायांवर, केसांच्या मुळाशी, बारीक ठिपके असतील तर माझा संशय वाढतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा, भिंगाचं काम होतं. मग त्यांना या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे न्या. प्लेटलेट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या आणि तो आहाराचा कागद स्वतःहून पुढे करा. रक्तातलं सी मोजणारी तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना जपून नेला नाही तर आकडाही चुकतो. बहुतेकदा कागद आणि पाय पुरतात.

डॉक्टरांनी गोळी दिली तर ठरावीक दिवस द्या, तुमची हजाराची आपल्या मनाने देऊ नका. त्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सीचे मोठे डोस घरच्या काही ग्लुकोमीटरना आणि दंडावर लावायच्या सेन्सरना फसवतात, साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर घात. लघवीच्या पट्टीवर उलटं होतं, साखर आणि रक्त असूनही दिसत नाही. शौचातलं छुपं रक्त तपासायचं असेल तर तीन दिवस आधी मोठी गोळी बंद ठेवावी लागते. डॉक्टरांना गोळीचं सांगा. ‘औषध नाही हो, व्हिटॅमिनच आहे’ म्हणून लोक हे लपवत नाहीत, विसरतात.

ताटाचं मात्र आजपासून बदला, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. मूत्रपिंडासाठी फळं-भाज्यांचं पथ्य सांगितलेलं असेल तर तेवढं विचारून. अर्धा पेरू मधुमेहात चालतो, त्याने साखर भडकत नाही. आंबटाने सांधे धरतात ही त्यांची श्रद्धा आहे, तिच्याशी भांडू नका, पेरू आंबट नाहीच. पिकलेला मऊ पेरू कुस्करा, किंचित मीठ-जिरेपूड घाला आणि वाटीत द्या. शेवग्याचा कोवळा पाला वरणात शेवटी टाका, एक उकळी पुरे. ढोबळी मिरची बारीक चिरून पिठल्यात. आणि पेरूच्या बिया गाळणीतून काढायला विसरू नका. कवळीखाली एक जरी बी अडकली, तर त्या पुढचे सहा महिने पेरूला हात लावणार नाहीत आणि दोष तुमच्या माथी येईल.